जुन्या गाडीचे दिवे आणि फ्यूज: प्रीमियर पद्मिनीच्या निमित्ताने दोष शोधण्याची सविस्तर पद्धत

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी खंबाटकीचा घाट उतरताना माझ्या पद्मिनीच्या डाव्या हेडलाइटचा डिप (खालचा झोत) अचानक गेला. गाडी कडेला घेऊन, टॉर्च तोंडात धरून मी फ्यूजबॉक्सचे झाकण काढले, तर त्या दिव्याचा फ्यूज शाबूत होता. त्याची धातूची पट्टी कुठेही वितळलेली नव्हती. फक्त एका टोकाची टोपी काळवंडली होती आणि ज्या पितळी चिमट्यात ती बसते त्या चिमट्याचा ताण पार गेलेला होता. बोटाने फ्यूज जागच्या जागी गोल फिरवताच दिवा लागला. घरी आल्यावर शेजारचा फ्यूज पाहिला, तर त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती, आणि त्या फ्यूजमधून पार्किंग लाइटकडे जाणाऱ्या वायरीचे आवरण पापडासारखे कडक होऊन तडकले होते. एकाच फ्यूजबॉक्समध्ये शेजारीशेजारी हे दोन्ही दोष सापडले: एका ठिकाणी वायर ठीक असूनही फ्यूजची जागा खराब झाली होती, आणि दुसऱ्या ठिकाणी वायर खराब झाली असूनही फ्यूजला उडू दिलेले नव्हते. जुन्या गाडीच्या दिव्यांचे बहुतेक दोष या दोन प्रकारांतच मोडतात, आणि त्यांतला आपल्यासमोर कोणता आहे हे ओळखल्याशिवाय नवा फ्यूज बसवणे म्हणजे दोष पुढे ढकलणे होय.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने आणि पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने तयार झालेली ही गाडी महाराष्ट्रात आजही अनेकांनी जिवापाड जपली आहे, म्हणून या लेखात तीच समोर ठेवली आहे. मात्र तपासणीची पद्धत ॲम्बॅसडर, मॉरिस मायनर किंवा जुन्या एमजीलाही लागू पडते; जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

फ्यूज कोणासाठी असतो

फ्यूज बल्बसाठी असतो असा समज फार पसरलेला आहे, पण तो खरे तर वायरीसाठी असतो. बल्ब गेला तर फार तर शंभर रुपये जातात. वायर तापली तर तिच्यासोबत वायरींचा संपूर्ण जुडगा, डॅशबोर्डमागचे आवरण आणि कधीकधी गाडीही जाते. म्हणून फ्यूजचा आकडा ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्या मार्गावर नेहमी वाहणारा प्रवाह किती आहे आणि त्या वायरीला किती प्रवाह सुखाने पेलता येतो. फ्यूज या दोन्हींच्या मध्ये बसला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. बल्बच्या वॅटला १२ ने भागले की अँपिअर मिळतात. जुन्या ४५/४० वॅटच्या बल्बचा हाय (लांबचा झोत) ३.७५ अँपिअर घेतो आणि डिप साधारण ३.३. आजकाल बसवला जाणारा ६०/५५ वॅटचा हॅलोजन हायला ५ अँपिअर घेतो. ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे मिळून ३.५ अँपिअर होतात, तर पुढचे-मागचे पार्किंग, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचा दिवा असे ५ वॅटचे सहा बल्ब एकत्र धरले तरी जेमतेम अडीच अँपिअर भरतात. फ्यूजच्या आकड्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे कायमचा भार नसावा, हा नियम मी कटाक्षाने पाळतो, कारण बॉनेटखालच्या उष्णतेत फ्यूज लिहिलेल्या आकड्याच्या आधीच थकतो. ४५ वॅटचे दोन्ही हाय एकाच ८ अँपिअरच्या फ्यूजवर असतील तर साडेसात अँपिअर वाहतात, म्हणजे तो फ्यूज आधीच काठावर आहे. तिथे कोणी ६० वॅटचे हॅलोजन बसवले की भार १० अँपिअरवर जातो आणि काही वेळाने फ्यूज वितळतो. त्या वेळी गाडीत कुठेही शॉर्ट (वायर थेट बॉडीला टेकणे) नसतो, तरी लोक दोन-दोन दिवस शॉर्ट शोधत बसतात.

आपल्या गाडीची रचना आधी ओळखावी

पद्मिनीत दोन्ही टोकांना निमुळते असलेले, २५ मिलिमीटर लांबीचे फ्यूज बसतात. चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक कांडीवरून धातूची एक पट्टी उघडी गेलेली असते. त्यांचे रंग ठरलेले आहेत: पिवळा ५ अँपिअरचा, पांढरा ८ चा, लाल १६ चा आणि निळा २५ चा. दिव्यांच्या जागी पांढरा फ्यूज अपेक्षित असतो. तिथे लाल दिसला तर आधीच्या कोणीतरी दोष दाबून टाकला आहे असे समजून पुढचे काम सुरू करावे. फियाटच्या त्या काळच्या गाड्यांमध्ये डाव्या आणि उजव्या दिव्यांना शक्यतो वेगवेगळे फ्यूज देण्याची पद्धत होती, त्यामुळे एक फ्यूज गेला तरी चालक पूर्ण अंधारात सापडत नाही. पण तीस-चाळीस वर्षांत बहुतेक गाड्यांचे वायरिंग एकदा तरी बदललेले असते, म्हणून कागदावरच्या आकृतीवर विसंबून न राहता सगळे दिवे लावून एकेक फ्यूज काढून पाहावा, कोणता दिवा गेला ते वहीत लिहावे आणि तो परत बसवावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि पुढचे सर्व काम या वहीवरच उभे राहते.

लुकास या गाड्यांचे विद्युत भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीचे वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांचा प्रकार वेगळा आहे. मॉरिस मायनर किंवा सुरुवातीच्या एमजीबीमध्ये अवघे दोन फ्यूज असत आणि हेडलाइटच्या मार्गात फ्यूजच नसे. ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घडलेली असल्यामुळे तिच्या मालकांनीही निळ्या वायरीच्या मार्गात फ्यूज आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. या पद्धतीत वायरींचे रंग मोठी मदत करतात: तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते, निळी हेडलाइटची, निळी-पांढरी हायची, निळी-लाल डिपची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, हिरवी-जांभळी ब्रेकलाइटची आणि काळी अर्थची (बॉडीशी जोडणीची).

लुकासच्या काचेच्या फ्यूजबाबत एक सापळा आहे. त्यावर लिहिलेला ३५ हा आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला उडतो त्याचा आहे. सतत पेलण्याची त्याची क्षमता सुमारे १७ अँपिअरच आहे. दुकानात मिळणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत पेलण्याचा आकडा छापलेला असतो. ‘३५ काढला, ३५ घातला’ असे करणारा माणूस नकळत वायरीचे संरक्षण निम्मे करून बसतो.

अमेरिकी गाड्यांत, विशेषतः पन्नास-साठच्या दशकांतल्या शेव्हरोले आणि फोर्डमध्ये, हेडलाइटसाठी फ्यूजऐवजी हेडलाइटच्या स्विचमध्येच तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीचा ब्रेकर असतो. भार वाढला की पट्टी तापून वाकते आणि मार्ग तुटतो. थंड झाली की पुन्हा जोडला जातो. अशा गाडीत सगळे हेडलाइट दर काही सेकंदांनी विझून परत लागत असतील तर बल्बच्या होल्डरशी खेळत बसू नये. एकतर भार जास्त आहे, किंवा कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा वापरून वापरून ब्रेकरच हळवा झाला आहे.

तयारी

साधने फारशी लागत नाहीत. एक डिजिटल मल्टिमीटर, मगरीच्या जबड्यासारख्या चिमट्यांच्या दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा बल्ब, बारीक पॉलिश पेपर, पितळी ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणि योग्य आकड्यांचे डझनभर फ्यूज पुरतात. जवळ लहानसा पावडरचा अग्निशामक ठेवावा. कार्बोरेटरच्या गाडीत बॉनेटखाली पेट्रोलचा वास असतोच आणि आपण तिथे ठिणगी पडण्याचे काम करणार आहोत. घड्याळ, अंगठी आणि हातातले कडे काढून ठेवावे.

बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे हे डोळ्यांनी पाहावे. पद्मिनीत ते ऋण टोक असते, पण साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असे. साध्या बल्बला याने फरक पडत नाही, मात्र एलईडी बल्ब किंवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवलेला असेल तर तो चालणारच नाही किंवा जळेल. वायर कापण्याचे किंवा सोलण्याचे काम असेल तेव्हा बॉडीला जोडलेले टोक आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे.

उडालेल्या फ्यूजचे निरीक्षण

जुना फ्यूज कचऱ्यात टाकण्याआधी उजेडात धरावा. पट्टी मधोमध तुटून आजूबाजूला काळा फवारा उडाल्यासारखा डाग असेल, तर प्रवाह एकदम प्रचंड वाढला होता, म्हणजे सरळ शॉर्ट झाला होता. पट्टी मध्ये लोंबून, मेणासारखी ओघळून तुटली असेल आणि काजळी नसेल, तर भार हळूहळू तिच्या ताकदीबाहेर गेला होता. आणि पट्टी मध्ये धड असून टोपीजवळ निळसर-तपकिरी झाली असेल किंवा प्लॅस्टिकची कांडीच एका टोकाला वितळली असेल, तर उष्णता वायरीतून आलेली नाही. ती चिमट्याच्या सैल जोडातच तयार झाली आहे. काचेच्या फ्यूजमध्येही हीच लक्षणे काचेच्या आतल्या बाजूला दिसतात. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की कामाची दिशा ठरते. माझ्या पाहण्यात पद्मिनीच्या वयाच्या गाड्यांत तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

फ्यूजबॉक्सची दुरुस्ती

सैल जोड का तापतो हे आकड्यांत पाहिले की पटते. चिमटा आणि फ्यूजची टोपी यांच्यामध्ये अर्धा व्होल्ट पडत असेल आणि साडेसात अँपिअर वाहत असतील, तर त्या नखाएवढ्या जागेत पावणेचार वॅट उष्णता सतत तयार होत राहते. चिमट्याचे पितळ त्या उष्णतेने मऊ पडते, ताण आणखी कमी होतो, जोड आणखी तापतो आणि हे चक्र आपोआप वाढत जाते.

म्हणून बॅटरी सोडवून सर्व फ्यूज काढावेत. चिमट्याची आतली बाजू पॉलिश पेपरच्या बारीक गुंडाळीने घासावी; हिरवट किंवा काळा थर जाऊन पिवळे पितळ दिसेपर्यंत थांबू नये. मग क्लीनर मारून कापडाने पुसावे. चिमटे हलक्या हाताने आत वाकवून ताण आणावा, मात्र तापून ठिसूळ झालेला चिमटा वाकवताना मोडतो, म्हणून घाई करू नये. फ्यूज बसवताना बोटाला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे आणि बसल्यावर तो सहज गोल फिरता कामा नये. मागच्या बाजूला वायरी ज्या स्क्रूंना किंवा पट्ट्यांना जोडलेल्या असतात तेही सोडवून, साफ करून पुन्हा आवळावेत. पुष्कळदा पुढून चकचकीत केलेल्या फ्यूजबॉक्सचा खरा दोष मागे लपलेला असतो. फ्यूज घेताना ॲल्युमिनियमच्या पट्टीऐवजी तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीचे घ्यावेत, कारण पितळी चिमट्यात ॲल्युमिनियम ओलाव्याने लवकर खराब होते. बॉक्सचे बेकेलाइट तडकले असेल किंवा चिमटा बसण्याची जागा जळून कोळसा झाली असेल तर डागडुजी न करता बॉक्स बदलावा.

आता बॅटरी जोडून दिवे लावावेत आणि मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिना एकाच फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या वायरींच्या टोकांवर लावाव्यात. चांगल्या स्थितीत ०.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसतो. ०.३ किंवा त्याहून जास्त दिसला तर साफसफाई अपुरी आहे.

शॉर्ट शोधणे

दिवा लावताक्षणी फ्यूज उडत असेल तर एकामागून एक फ्यूज जाळण्यात अर्थ नाही. पुष्कळ जण अशा वेळी मीटर ओहमवर लावून वायर आणि बॉडी यांमधला विरोध मोजतात आणि फसतात. बल्बच्या थंड तंतूचा विरोध पेटलेल्या तंतूच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच असतो: ६० वॅटचा बल्ब पेटलेला असताना २.४ ओहम, पण थंड असताना पाव ओहमच्या आसपास. दोन बल्ब समांतर असले की मीटर शॉर्टचीच शिट्टी वाजवतो. म्हणून त्या मार्गावरचे सर्व बल्ब आधी काढावेत. वहीतली नोंद इथे उपयोगी पडते, कारण नंबरप्लेटचा किंवा मीटरचा एखादा छोटा बल्ब राहून गेला तरी निष्कर्ष चुकतो.

त्यानंतर फ्यूज काढून त्याच्या दोन चिमट्यांना २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडावा आणि स्विच चालू करावा. मार्ग निर्दोष असेल तर सगळे बल्ब काढलेले असल्यामुळे प्रवाहाला जायला वाटच नसते आणि टेस्ट लॅम्प विझलेला राहतो. तो पूर्ण तेजाने पेटला, तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. या रीतीचा मोठा फायदा असा की शॉर्ट असतानाही प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे वायर न जाळता तासभर शांतपणे शोध घेता येतो. टेस्ट लॅम्प बॉनेटवर दिसेल असा ठेवून एकेक जोड सोडवत जावे. मागच्या बाजूला जाणारा जोड सोडवताच लॅम्प विझला तर दोष मागे आहे. विझला नाही तर पुढे. असे निम्मे-निम्मे करत गेले की तीन-चार पायऱ्यांत नेमका तुकडा हाती लागतो.

दोष येतो आणि जातो अशा प्रकारचा असेल, म्हणजे फक्त गतिरोधकावर किंवा खड्ड्यात फ्यूज उडत असेल, तर लॅम्प जोडलेला ठेवून मदतनिसाला गाडी हलवायला सांगावी, दारे आणि डिकी उघडझाप करावी, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावे, आणि आपण जुडगा ठिकठिकाणी हाताने हलवत जावे. लॅम्प लुकलुकला त्या क्षणी हात जिथे आहे तिथेच थांबवावा.

कुठे शोधावे याचाही एक क्रम अनुभवाने ठरला आहे. हेडलाइटच्या भांड्यात वायरी जिथून शिरतात तिथला रबरी बूच सर्वांत आधी पाहावा. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी खाऊन ते रबर दगडासारखे होते, मग चुरा होऊन पडते, आणि उघड्या पत्र्याची धार वायरीचे आवरण कापत राहते. माझ्या गाडीत चांदी गुंडाळलेल्या त्या फ्यूजचे मूळ इथेच सापडले. पार्किंगची वायर भांड्याच्या काठावर टेकून आतल्या तांब्याचे तीन-चार तंतू उघडे पडले होते आणि पत्र्यावर तांदळाएवढा काळा डाग होता. त्यानंतर डिकीमध्ये टेललाइटच्या मागची बाजू पाहावी, कारण जॅक आणि स्टेपनी तिथे आपटतात. मग फायरवॉलमधून (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून) जुडगा आत जातो ती जागा, स्टिअरिंगखालच्या स्विचच्या रोज वाकणाऱ्या वायरी, आणि डॅशबोर्डमागे स्टिरिओसाठी कोणी पिळून टेप मारलेले जोड. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेने टेपचा चिकटा वितळून जोड उघडे पडतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

सापडलेली जागा नुसती टेप मारून झाकू नये. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर घालावी, जोड सोल्डर करून किंवा चांगल्या पकडीने दाबून त्यावर तापवून आवळणारी नळी चढवावी, आणि रबरी बूच नवा बसवावा. बूच न बदलता केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

काही मिनिटांनी उडणारा फ्यूज

इथे भार मोजावा लागतो. फ्यूज काढून त्याच्या जागी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मोजावे. प्रवाह त्याहून जास्त असण्याची शंका असेल तर वायरीभोवती अडकवायचा चिमट्याचा मीटर वापरावा, मात्र तो डीसी मोजणारा हवा. आकडा बल्बच्या हिशेबाशी जुळला पाहिजे. दोन-तीन अँपिअर जास्त येत असतील तर त्या फ्यूजवर कोणीतरी फॉगलाइट, पंखा किंवा मोबाइल चार्जर टांगलेला आहे का ते पाहावे. बल्बवरचे वॅटही वाचावेत. १००/९० वॅटचे बल्ब सर्रास विकले जातात, पण दोन हाय मिळून सुमारे सतरा अँपिअर मूळ वायरिंगवर आणि मूळ स्विचवर टाकणे धोक्याचे आहे आणि समोरच्या चालकालाही ते आंधळे करतात. मी ते कधीही बसवू नयेत असेच सांगेन. शिवाय चार्जिंगचा व्होल्टेज तपासावा. इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित आहेत. रेग्युलेटर बिघडून तो १५ च्या वर गेला तर बल्ब आणि फ्यूज दोन्ही लवकर जातात.

अर्थचा दोष फ्यूजच्या दोषासारखा दिसतो

ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाइट मंद पेटतात, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकतो, अशी तक्रार असेल तर फ्यूजला दोष देऊ नये. टेललाइटच्या २१/५ वॅटच्या दोन तंतूंच्या बल्बची बॉडीशी जोडणी गंजाने तुटली की ब्रेकच्या तंतूतून आलेला प्रवाह बाहेर पडण्यासाठी ५ वॅटच्या तंतूतून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या मार्गाने भलतेच दिवे पेटवतो. खात्री करण्यासाठी बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकापासून एक लांब वायर त्या होल्डरच्या धातूला टेकवावी. लक्षण नाहीसे झाले तर दोष अर्थचा आहे. होल्डरचा स्क्रू काढून त्याखालचा रंग आणि गंज खरवडावा, दातेरी वॉशर घालून आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे. गाडीला नुकताच नवा रंग दिलेला असेल तर हा दोष हमखास उद्भवतो, कारण रंगारी स्क्रूच्या खालीही रंग मारतो.

दिवे पिवळे दिसत असतील तर

दिवे लावून बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग हेडलाइटच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असू नये. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाला की उजेड साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. फरक नेमका कुठे पडतो हे शोधण्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर ठेवून दुसरी पिन स्विचच्या आधी, स्विचनंतर, फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर आणि शेवटी होल्डरवर अशी सरकवत जावी; जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष आहे. धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत हीच मोजणी ऋण टोकापासून करावी.

रिले आणि नवे फ्यूज बसवणे

६०/५५ वॅटचे हॅलोजन ठेवायचे असतील तर मी रिले, म्हणजे किरकोळ प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवण्याचा आग्रह धरतो. मूळ स्विचला मग फक्त रिलेच्या गुंडाळीचा किरकोळ प्रवाह सांभाळावा लागतो. हायसाठी एक आणि डिपसाठी एक असे चार टोकांचे दोन रिले घ्यावेत. रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकावर मूळ हायची किंवा डिपची वायर, ८५ वर अर्थ, ३० वर बॅटरीकडून थेट आलेली जाड वायर आणि ८७ वरून दिव्यांकडे जाणारा मार्ग अशी जोडणी होते. बॅटरीकडून येणारी वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. चार मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १० अँपिअरला ०.७ व्होल्ट पडतो, २.५ ची वायर घेतली तर तो ०.२८ वर येतो. या वायरीचा २० अँपिअरचा मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोणतेच संरक्षण नसते.

यानंतर सर्वांत महत्त्वाची बाब येते. ८७ नंतर डाव्या आणि उजव्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज द्यावा, म्हणजे डावा हाय, उजवा हाय, डावा डिप, उजवा डिप असे १० अँपिअरचे चार पात्याचे फ्यूज (या प्रकारात लाल रंग १० अँपिअरचा असतो) आणि त्यापुढे १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरी. लुकास पद्धतीच्या गाडीत मूळ फ्यूज नसेल तर रिलेशिवायही हेच करता येते: निळी-पांढरी आणि निळी-लाल वायर जिथे दोन दिव्यांसाठी फुटते तिथे चार फ्यूजची पेटी बसवावी. काही जण बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत एकच फ्यूज घालून मोकळे होतात. तशा गाडीत उजव्या दिव्याच्या भांड्यातला एक क्षुल्लक शॉर्ट घाटातल्या वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम घालवू शकतो, आणि फ्यूज नसण्याइतकेच ते धोकादायक आहे. मुख्य फ्यूजचा आकडा चार छोट्या फ्यूजपेक्षा पुरेसा मोठा ठेवण्याचे कारणही हेच, की एका दिव्यातला दोष त्याच्याच फ्यूजवर थांबावा.

शेवटची चाचणी

सगळे बसवून झाल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज असताना, इंजिन मध्यम वेगात ठेवून हाय, पार्किंग आणि मीटरचे दिवे वीस मिनिटे लावून ठेवावेत. या काळात दर पाच मिनिटांनी प्रत्येक फ्यूजच्या कांडीला, स्विचच्या मागच्या बाजूला आणि रिलेला बोट लावून पाहावे. कोमट लागणे ठीक आहे. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तो जोड पुन्हा उघडावा. मग ब्रेक दाबून, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून, डिप-हाय वीसेक वेळा बदलून पाहावे आणि गाडी खराब रस्त्यावरून एक फेरी मारून आणावी.

वहीतली नोंद स्वच्छ कागदावर उतरवून, प्लॅस्टिकमध्ये घालून फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी: कोणत्या क्रमांकावर कोणता दिवा, किती अँपिअरचा फ्यूज आणि कोणत्या रंगाची वायर. जादा फ्यूज काडेपेटीत न ठेवता झाकणाच्या डबीत ठेवावेत, म्हणजे त्यांच्या टोप्या काळ्या पडत नाहीत. पहिला मोठा पाऊस झाल्यावर झाकण एकदा काढून चिमट्यांवर पुन्हा हिरवा थर धरू लागला आहे का ते पाहावे, आणि दोन्ही हेडलाइटची भांडी उघडून नव्या रबरी बुचांच्या आत पाणी शिरले आहे का तेही तपासावे.